शून्यापेक्षाही शुद्ध

२ मार्च
आजपासून रोजनिशी. वही मुद्दाम जाड घेतली, कारण यापुढे आयुष्यात बरंच काही घडणार आहे असं वाटतं. नियम एकच: इथे स्वतःशी खोटं बोलायचं नाही. बाकीचे नियम (पहाटे फिरायला जाणं, बिनसाखरेचा चहा, लॅबमधलं कपाट आवरणं) उद्यापासून.

३ मार्च
पहाटे उठलो नाही. पहाटे उठायचं आहे या विचाराने झोपच उशिरा लागली. चहा साखरेचाच झाला. बायकोला आदल्या दिवशी कल्पना द्यायला हवी होती. उद्या देतो.

ऑफिसात आनंदाची बातमी. साहेबांनी 'आदर्श प्रयोगशाळा' ढालीसाठी आमचं नाव पाठवलंय. नगरपालिकेची पाण्याची लॅब म्हणजे कोण? मी. शिपाई आहे, पण तो सकाळी कुलूप काढतो आणि संध्याकाळी लावतो. मधलं सगळं विज्ञान माझं.

दोन वर्षं झाली, पाण्यात क्रोमियम शून्य. आमच्या गावात नळ बनवण्याचे कारखाने. नळांना चकाकी देतात ती क्रोमची, आणि ते चकाकीचं सांडपाणी कारखान्यामागच्या नाल्यात. नाल्याला लागूनच गावाच्या पाण्याच्या विहिरी. तरीही शून्य! हे काही आपोआप होत नाही, त्यामागे कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बसलेलं असतं. लोक माझ्यामागे मला 'शून्यसाहेब' म्हणतात. मी ऐकलं नाही असं दाखवतो. कौतुक पचवता आलं पाहिजे.

५ मार्च
चहाचं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, साखर डब्यात असते, घालणारे तुम्हीच. हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी ताईकडे. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच मला न्हाऊमाखू घालून शाळेत धाडलं. ती कारखान्यांच्या मागच्या वस्तीत राहते. मुलगा आणि सून दोघंही नळाच्या कारखान्यात. सून नुकतीच कामावर परत रुजू झाली, त्यामुळे पाच महिन्यांची नात दिवसभर ताईकडे. पोर गुटगुटीत आहे. पावडरच्या दुधाची बाटली दोन्ही हातांनी धरते आणि माझ्याकडे बघून हसते. माणसं ओळखते.

वस्तीत गडबड चाललीय. तिथल्या लोकांनी परस्पर बाजारातल्या नव्या खाजगी लॅबमध्ये नळाचं पाणी तपासून आणलं. क्रोमियम म्हणे ०.२१. मर्यादा आहे ०.०५. तेव्हापासून वस्तीला टँकर येतो, पलीकडच्या तळ्याचं पाणी घेऊन. ताईचे गुडघे दुखतात, आणि ती रांगेत उभी राहून हंडे भरते. मला म्हणाली, तुझं मशीन काय म्हणतं ते सांग, मी बाकी कुणाचं ऐकत नाही.

मनाला लागलं. कुणीतरी कालची पोरं दुकान थाटून बसतात, कुठलातरी आकडा हातावर ठेवतात, आणि माझी बहीण हंडे वाहते. या प्रकरणाचा मी स्वतः सोक्षमोक्ष लावणार.

७ मार्च
साहेबांचा हुकूमच आला: वस्तीचं पाणी तपासा, तुमच्या अहवालावर टँकर ठेवायचा की बंद करायचा ते ठरेल. स्कूटर काढून स्वतः गेलो. ताईच्या स्वयंपाकघरातल्या नळाचंच पाणी घेतलं. शेजारची मंडळी दारात गोळा झाली. मी बाटली उजेडाकडे धरून दोनदा फिरवली. त्याने काही कळत नाही, पण लोकांना धीर येतो.

ढालीच्या समारंभात भाषण करावं लागणार. सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत इथेच सराव करून ठेवतो:

'मित्रहो, पाण्यात थोडं अ‍ॅसिड घालायचं, मग रिएजंट, म्हणजे परीक्षेचं औषध घालायचं. क्रोमियम असेल तर पाणी गुलाबी होतं. किती गुलाबी, हे मशीन सांगतं. पण मशीनला आधी शून्य म्हणजे काय ते दाखवावं लागतं. म्हणून ज्यात काहीच नाही असं कोरं पाणी घ्यायचं, त्यात तीच औषधं घालायची, आणि त्यावर मशीनचा काटा शून्याला लावायचा. या कोऱ्या पाण्याला आम्ही ब्लँक म्हणतो. मग नमुना ठेवायचा. कोऱ्या पाण्यापेक्षा नमुना जितका जास्त गुलाबी, तितकं त्यात क्रोमियम.'

चांगलं जमलंय. पुढचा तपशील भाषणात नको, इथे लिहून ठेवतो. कोरं पाणी खरं तर डिस्टिल्ड लागतं. आमचं डिस्टिलेशनचं यंत्र दोन वर्षांपूर्वी जळालं. कॉइल मागवली आहे, येईल. खरेदी विभागाने तेव्हा विचारलं होतं की तोवर गाळलेलं पाणी चालेल का. मी अडून बसलो नाही. तेव्हापासून लॅबच्या नळाचं पाणी फिल्टरमधून काढून घेतो, तेही दोनदा. खरं म्हणजे एकदाही चाललं असतं, पण मी दोनदा काढतो. ही माझी शिस्त.

कोऱ्या पाण्याला औषध घातल्यावर हलकी गुलाबी छटा येते. रिएजंटचा स्वभावच तसा आहे. दोन वर्षांत मला त्याची सवय झाली आहे.

निकाल: उणे ०.०१. शून्य नाही, उणे! असं पाणी माझ्या नोकरीत मी पाहिलं नाही.

८ मार्च
साहेबांनी विचारलं, उणे म्हणजे काय? म्हटलं, पाणी शून्यापेक्षाही शुद्ध आहे. साहेब माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. माणूस इंजिनिअर आहे, पण रसायनशास्त्र समोर आलं की भारावून जातो. मग म्हणाले, 'निल' लिहा आणि सही करा. केली. सहीचा शेवटचा फराटा आज विशेष चांगला आला.

फिरायला गेलो नाही. पाऊल जरा मुरगळल्यासारखं वाटतंय.

१० मार्च
टँकर बंद झाला. वस्तीतली काही डोकी विरोधात होती, पण ताईने एकहाती खिंड लढवली. फोनवर सगळं सविस्तर सांगत होती. समोरच्या घरातली बाई म्हणाली म्हणे की सरकारी रिपोर्टवर कोण विश्वास ठेवतं. ताईने तिला गल्लीत सगळ्यांसमोर सांगितलं, रिपोर्ट सरकारचा नाही, माझ्या भावाचा आहे, आणि माझा भाऊ खोटं लिहायचा नाही. त्यानंतर त्या दोघींचं बोलणं बंद आहे.

अभिमान वाटला. विज्ञान घराघरांत पोचतं ते असं.

१३ मार्च
ती खाजगी लॅबवाली आज स्वतः आली. मला वाटलं होतं कुणी मिजासखोर बाई असेल. निघाली अगदी पोरसवदा. मला मुलगी असती तर साधारण एवढी असती. नम्र आहे. मी तिला लॅब दाखवली, मशीन दाखवलं, ढालीचंही कानावर घातलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"सर, ब्लँक कशाचा घेता?"

मी गाळण्याची पद्धत सांगितली, दोनदा गाळतो यावर भर दिला. मग विचारते, लॅबच्या नळाला पाणी कुठून येतं? म्हटलं, टाकीतून. टाकीत? म्हटलं, विहिरींतून, सगळ्या गावाला येतं तिथूनच. यात विचारण्यासारखं काय होतं कळलं नाही. शिपायाने चहा आणला, तिने घेतला नाही. आवडत नसावा. जाताना दारात थांबली, काहीतरी बोलणार होती, पण 'येते सर' म्हणून गेली.

हल्लीच्या मुलांना प्रश्न विचारता येतात. अनुभव कुठून आणणार?

१४ मार्च
दिवसभर तिला द्यायची उत्तरं सुचत राहिली. एकाहून एक सरस. ती समोर असताना एकही सुचलं नव्हतं.

ठरवलं. तिच्याच पद्धतीने करून दाखवायचं, म्हणजे तोंड कायमचं बंद. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं, ते आणायचं. त्यावर शून्य लावायचं, ताईच्या नळाचं पाणी पुन्हा तपासायचं, शून्य आलं की आकडा तिच्या लॅबवर नेऊन द्यायचा. हसायचं मात्र नाही. मोठेपणा दाखवायचा.

१६ मार्च
केलं.

बॅटरीचं पाणी औषध घालूनही कोरंच राहिलं. छटा नाही, काही नाही. समोर धरलं तर पलीकडची खिडकी दिसत होती. मला क्षणभर वाटलं औषध घालायचंच विसरलो. पुन्हा घातलं. पुन्हा कोरं.

मग ताईच्या नळाचं. गुलाबी. ०.१९.

मग आमच्या लॅबच्या नळाचं, दोनदा गाळलेलं. गुलाबी. ०.२०.

निष्कर्ष: बॅटरीचं पाणी खराब आहे. दुकानदार काहीतरी मिसळत असणार. या देशात शुद्ध काही मिळत नाही.

१७ मार्च
दुसऱ्या दुकानातून आणलं. तेच.

मग डोक्यात प्रकाश पडला. काचसामान! लॅबमधली भांडी आम्ही क्रोमिक अ‍ॅसिडने धुतो, म्हणजे क्रोमियम भांड्यातच बसलेलं असणार. इतकी साधी गोष्ट. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. सगळी भांडी साबणाने, मग बॅटरीच्या पाण्याने धुतली. हात सोलवटले. शिपाई कधी नव्हे तो मदतीला आला.

०.१९.

१८ मार्च
रिएजंट जुनं झालं असणार. जुनं झालं की तपकिरी होतं, हे पुस्तकात आहे. आमचं तपकिरी नव्हतं, पण होण्याच्या बेतात दिसत होतं. नवी बाटली फोडली. ०.१९.

चहात आज साखर दोन चमचे. संकल्प विशिष्ट परिस्थितीत स्थगित ठेवता येतात.

२० मार्च
मशीनचा मेकॅनिक बोलावला. त्याने झाकण उघडलं, फुंकर मारली, दिवा बदलला, झाकण लावलं. म्हणाला मशीन ठणठणीत आहे. मी म्हटलं नीट बघा, काहीतरी बिघाड असलाच पाहिजे. तो म्हणाला, साहेब, लोक आम्हाला बिघाड काढायला बोलावतात, तुम्ही घालायला बोलावलंत. उद्धट माणूस.

०.१९ आणि ०.२०.

२१ मार्च
स्कूटर काढून तळ्यावर गेलो. टँकर जिथून भरायचे तिथलंच पाणी बाटलीत घेतलं. त्याच भांड्यात, त्याच औषधाने, त्याच मशीनवर ठेवलं.

०.००.

तळ्याच्या पाण्यात शेवाळ होतं, एक पानही होतं. क्रोमियम नव्हतं.

२२ मार्च
आज लिहायला बराच वेळ बसलो आहे. नियम आहे म्हणून लिहितो.

दोन वर्षं मी गावाचं पाणी गावाच्याच पाण्याशी ताडून पाहत होतो. ज्याच्यावर शून्य लावलं, त्यातच ते होतं. विहिरीचं पाणी या नळाने लॅबमध्ये येतं, त्या नळाने ताईकडे जातं. दोन्ही सारखीच गुलाबी झाली, की मी 'निल' लिहून सही करत होतो. उणे आलं त्या दिवशी लॅबचं पाणी ताईच्या पाण्यापेक्षा जास्त खराब होतं, एवढाच त्याचा अर्थ.

ती पोरगी चहा न पिता का गेली ते समजलं.

उद्या सकाळी साहेबांना सांगणार. तिथून थेट ताईकडे. मुळीच आडपडदा ठेवायचा नाही.

२३ मार्च
साहेब मीटिंगमध्ये होते. मीटिंग संपली तेव्हा मी जेवायला गेलो होतो. ताईकडे गेलो नाही, कारण आधी साहेबांना सांगणं ही कार्यालयीन शिस्त आहे.

२४ मार्च
सांगितलं.

साहेबांनी दार लावून घेतलं. ओरडले नाहीत. मला ओरडतील असं वाटत होतं, ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, टँकर पुन्हा सुरू केला तर का केला ते सांगावं लागेल. मग दोन वर्षांचं सांगावं लागेल. दोन वर्षं गावाने काय प्यायलं ते सांगावं लागेल.

"तुम्ही सांगाल?"

मी म्हटलं, "मी?"

साहेब म्हणाले, बघा.

मग त्यांनी मार्ग सुचवला. पुढच्या वर्षी नवीन मशीन येणार आहे. नव्या मशीनवर नवीन आकडा आला तर कुणाला काही विचारता येणार नाही. जुन्या मशीनची क्षमता नव्हती, एवढंच होईल. तोवर मी काळजी करू नये. आठवड्याभरात ढाल आहे, त्याची तयारी करावी.

आधी धक्का बसला. पण बाहेर येऊन पायऱ्या उतरताना विचार केला, योजना तशी व्यवहार्य आहे. दोन वर्षं प्यायले, आणखी एका वर्षाने असा काय फरक पडणार. हे वाक्य लिहून झाल्यावर वाचलं. खोडत नाही. खोडणं हेही एक प्रकारचं खोटं बोलणंच.

टँकर आता ऑफिससमोरच्या बागेला पाणी घालतो. तळ्याचं. गुलाब बरे आलेत.

२६ मार्च
घरी बायकोला सांगितलं. वाटलं होतं ती हादरेल, 'आपणही हेच पितोय' म्हणून रडेल, आणि मी तिला धीर देईन. ती भाजी निवडत होती. म्हणाली, आपण कुठे पितो?

घरातलं पिण्याचं पाणी गेली दोन वर्षं दुकानातल्या कॅनचं आहे. मी ऑफिसला गेल्यावर माणूस आणून देतो, ती पिंपात ओतून ठेवते. मला पत्ताच नाही. मी घरच्या पाण्याचं कौतुक करायचो, आमच्या विहिरींची चव वेगळीच म्हणायचो. विचारलं, तुझा माझ्यावर विश्वास नव्हता? म्हणाली, तुम्हाला लॅबमधलं एक कपाट आवरता येत नाही, म्हटलं पोटात जाणारं पाणी कशाला सोडा तुमच्यावर.

हे फार लागलं. कपाटाचा आणि पाण्याचा काय संबंध?

मग तिने भाजीतून मान वर न करता विचारलं, "ताईंना सांगितलंत का?"

उद्या सांगणार आहे.

२७ मार्च
सांगायचं म्हणजे काय सांगायचं, याचाही विचार हवा. टँकर बंद आहे. तो माझ्याच सहीने बंद झालाय. वस्तीला दुसरं पाणी नाही. मग सांगून ताई करणार काय? तहान थोडीच थांबवता येते. उगाच म्हाताऱ्या जिवाला घोर लावायचा.

दुसरा मार्ग सापडला: ताईकडे गुपचूप कॅन पोचवायचा. पोरीच्या दुधापुरता तरी. रोज. मी स्वतः. सांगायची गरजच नाही.

उत्तम योजना. आधीच का सुचली नाही, कळत नाही.

२८ मार्च
कॅन स्कूटरवर पायाशी ठेवून निघालो. वस्तीच्या कोपऱ्यावर ती समोरच्या घरातली बाई उभी. माझ्याकडे बघितलं, कॅनकडे बघितलं. पाण्याचा 'निल' रिपोर्ट देणारा माणूस बहिणीकडे विकतचं पाणी घेऊन चाललाय, हे तिला एका नजरेत कळलं असतं. मग ताईचं त्या गल्लीत काय राहिलं असतं? तिच्या शब्दाची काय किंमत उरली असती? शेवटी बहिणीची इज्जत ती आपली इज्जत.

स्कूटर वळवली. कॅन ऑफिसात नेला. शिपायाने त्या पाण्याचा चहा केला. चांगला झाला होता.

३० मार्च
ढाल मिळाली.

लाकडाची आहे, वर पितळी थेंब. व्यासपीठावर प्रत्येकासमोर सीलबंद बाटली. भाषण ठरल्याप्रमाणे केलं, फक्त ब्लँकचा भाग गाळला. सामान्य माणसाला त्यात रस नसतो. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत ताई बसली होती, मांडीवर नात. मी 'शून्य' म्हणालो तेव्हा ताईने पोरीचे दोन्ही हात धरून टाळ्या वाजवल्या. पोर खिदळत होती. तिच्या गालावर आणि मानेवर लालसर चट्टे दिसले. ताई म्हणाली, उकाड्याने उठलेत.

उकाडा आहे खरा.

१ एप्रिल
ढाल लॅबच्या कपाटावर ठेवायला गेलो. कपाटावर जागा नव्हती. आवरायला घेतलं, मग वाटलं आज नको. ढाल मशीनशेजारी ठेवली.

सकाळी वस्तीचा नमुना आला. सवयीने लॅबच्या नळाखाली ब्लँकची बाटली धरली, अर्धी भरल्यावर लक्षात आलं. शिपाई बघत होता. भरून घेतली. 'निल'.

हे मी का केलं ते मला सांगता येत नाही. इथेही नाही.

३ एप्रिल
बायको माझ्याशी बोलत नाही. आज ताट वाढून ठेवलं आणि एवढंच म्हणाली की उद्या तुम्ही गेला नाहीत तर मी जाणार. ताईला हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळावं, हे मला सहन होणार नाही. सगळ्या जगात एक माणूस माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतं. निदान तिला तरी मीच सांगितलं पाहिजे.

उद्या जाणार. वाक्य तयार केलंय. 'ताई, हे पाणी पिऊ नकोस, पोरीलाही देऊ नकोस. माझी चूक झाली.' यात एकही शब्द वाढवायचा नाही आणि गाळायचा नाही.

४ एप्रिल
गेलो. स्कूटरवर वाक्य घोकत गेलो. घरापाशी पोचलो तेव्हा ते पाठ होतं.

ताई ओट्याशी होती. पोर खाली सतरंजीवर, पालथी पडून पुढे सरकायचा प्रयत्न करत होती. चट्टे आता दंडावरही आहेत. ताईने मला बघितलं आणि तिचा चेहरा फुलला. ढालीचं गल्लीत कुणाकुणाला सांगितलं, कोण काय म्हणालं, समोरच्या बाईचं तोंड कसं झालं, सगळं एका दमात. मी म्हटलं, ताई, जरा बस, बोलायचंय. म्हणाली, बोल की, माझे कान मोकळे आहेत, पोरीच्या दुधाची वेळ झालीय.

गॅसवर पातेलं होतं. पाणी खदखदत होतं, बऱ्याच वेळापासून. पातेल्याच्या आत, पाणी आधी जिथवर होतं तिथे पांढरट रेघ उमटलेली, आणि पाणी तिच्या बरंच खाली. मी विचारलं, एवढं उकळतेस? ताई म्हणाली,

"तुझा रिपोर्ट आहे, ते खरंच रे. पण लहान जीव आहे. म्हणून तिच्यासाठी मी आपलं पाणी अर्धं होईपर्यंत आटवते. काय असेल नसेल ते जळून जातं."

क्रोमियम जळत नाही. वाफ होते ती पाण्याची, ते खालीच राहतं. पाणी अर्धं झालं की ते दुप्पट. ०.१९ चं ०.३८. त्यासाठी मशीन लागत नाही.

वाक्य घशाशी आलं. ताई माझ्याकडे बघत होती. मी शाळेतून बक्षीस घेऊन आलो की दारात उभी राहून बघायची, तसं. माझ्याकडे असं बघणारं आता कुणीच उरलेलं नाही, आणि हे वाक्य बोललो की तीही पुन्हा कधी असं बघणार नव्हती. मी तोंड उघडलं.

"ताई, उकळू नकोस."

"का रे?"

"गॅस फुकट जातो."

ताई हसायला लागली. म्हणाली, अरे, गॅसचं काय घेऊन बसलास, पोरीपुढे गॅस मोठा का? पण लगेच गंभीर झाली. म्हणाली, खरं सांगू, मीही गॅसचाच विचार करत होते. अर्ध्यावर उतरवते ते त्याच हिशेबाने, आणि मग दिवसभर मनाला खात राहतं. बरं झालं तू बोललास, माझी मलाच लाज वाटली.

पातेलं तिने तसंच गॅसवर राहू दिलं आणि आच वाढवली. आजपासून पाव होईपर्यंत आटवते, म्हणाली.

मी बरं म्हणालो.